दुपारी दोन वाजता वरच्या खाटेवर झोपून दाखवा



आज डाळिंबाच्या विश्रांतीच्या काळावर लिहायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वेळी. आठ दिवस झाले, फोन उघडला की कुणीतरी एकच व्हिडिओ पाठवलेला असतो. थर्माकोलचा खोका, झाकणात बसवलेला छोटा पंखा, पुढून काढलेला पीव्हीसीचा एल्बो आणि आत बर्फ. "काका, पाचशे रुपयात एसी. तुमच्या चाकावरच्या खोलीला बसवा." पाठवणाऱ्यांत आमचे पाहुणे आहेत, शेजारचे बागायतदार आहेत आणि कृषी पदवी घेतलेले एक साहेब पण आहेत. पहिल्या चारजणांना काय बोलणार? पण साहेबांनी पाठवल्यावर मला राहवेना. म्हणून हे लिहितोय. कुणाला लागलं तर लागू द्या.

ज्यांना खोली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचे डाळिंबाचे दोन तुकडे आहेत, मधे चार किलोमीटर अंतर. फळ रंगावर आलं की राखण लागते. एका रात्रीत वीस-वीस क्रेट माल तोडून नेणारे लोक आमच्या भागात फिरतात, हे सोलापूर-सांगोल्याकडच्यांना सांगायला नको. दोन ठिकाणी दोन खोल्या बांधण्यापेक्षा जुन्या ट्रॉलीच्या चासीवर एकच खोली करायची, ट्रॅक्टरला जोडायची आणि ओढून न्यायची, असं पोराच्या डोक्यात आलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आत उंची सात फूट. लोखंडी अँगल, बाहेरून पत्रा. पोराने परदेशातल्या छोट्या कॅम्पर ट्रेलरचे व्हिडिओ बघितले होते. त्यात खाट दिवसा छताला जाऊन चिकटते आणि रात्री खाली येते. तसलीच लिफ्टची खाट आमच्या खोलीत पण केली. चार कोपऱ्यांना चार वायरी, चार पुली आणि भिंतीला हाताने फिरवायचा विंच. फिरवला की खाट वर. बघायला गावातली निम्मी माणसं येऊन गेली. मी पण छाती पुढं काढून दाखवत होतो, खोटं कशाला बोलू.

आता गंमत बघा. राखणदार रात्री जागा असतो. म्हणजे तो झोपतो दिवसा. ही साधी गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना पोराच्या, ना वेल्डरच्या. खाट दिवसा वर उचलून ठेवायची आणि रात्री खाली घ्यायची, हा सगळा हिशेब रात्री झोपणाऱ्या माणसाचा. आमच्याकडं झालं असं की दिवसा खाली क्रेट, औषधाच्या बाटल्या, ठिबकची सामग्री भरलेली. म्हणून खाट वरच, पाच फुटांवर. आणि आमच्या सालगड्याचा भाचा, एकोणीस वर्षांचं पोर, रात्रभर बॅटरी घेऊन बागेत फिरून आलेलं, ते खिडकीच्या चौकटीवर पाय देऊन वर चढायचं आणि त्या वरच्या खाटेवर झोपायचं. खाली सावलीला क्रेट, वर पत्र्याला नाक लावून माणूस.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये, हस्त बहाराची तोडणी संपत आलेली, दुपारी अडीचच्या सुमाराला एका वायरीचा क्लॅम्प सुटला. खाट एका कोपऱ्यावर कलली आणि पोरगं झोपेतच क्रेटवर पडलं. हासळीचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. डोकं औषधाच्या ड्रमच्या कडेपासून वीतभर लांब होतं. सालगडी मला एवढंच म्हणाला, "मालक, पोरगं वर झोपतंय हे तुमाला ठावं हुतं." ठावं होतं. त्याला काय उत्तर देणार होतो मी?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शिडी लावून वर चढलो. म्हटलं, बघू तरी हे पोरगं झोपत होतं कशात. वायर बदललेली, खाली दोन टेकू लावलेले. दुपारचे दोन. सोबत हवामानाचा साधा थर्मामीटर. बाहेर लिंबाच्या सावलीत 40, खोलीत जमिनीलगत 39, आणि वरच्या खाटेवर उशीच्या जागी 47. माझ्या वहीत तारीख टाकून लिहिलेलं आहे. दहा मिनिटांत मी खाली आलो. तो पोरगा तिथं पाच-पाच तास झोपत होता. आणि हो, उशाला तो बर्फाचा एसी पण होता. पोरानेच बनवून दिलेला. सकाळी घातलेला बर्फ अकरापर्यंत पाणी झालेला असायचा, मग तो पंखा 47 अंशाची हवा तोंडावर मारत बसायचा.

म्हणून आता बर्फाचा हिशेब सांगतो. दहावी पास माणसाचा हिशेब आहे, साहेबांनी तपासून घ्यावा.

एक किलो बर्फ वितळताना साधारण 80 किलोकॅलरी उष्णता ओढतो. दहा किलोची लादी आणली तर 800. एक टनाचा एसी तासाला सुमारे 3,000 किलोकॅलरी उष्णता खोलीबाहेर फेकतो. म्हणजे तुमची अख्खी लादी एक टनाच्या एसीच्या सोळा मिनिटांइतकी. खुळ्यासारखं वाटतं ना? पण हा "टन" शब्दच मुळात बर्फातून आलेला आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढणारं मशीन म्हणजे एक टनाचा एसी. तासाला 38 किलो बर्फ! दुपारच्या पाच तासांच्या झोपेला 190 किलो. बर्फाचा कारखाना बागेच्या बांधावर टाकावा लागेल. आणि तो बर्फ घरच्या फ्रीजमध्ये केला तर फ्रीजच्या पाठीमागून तेवढी उष्णता, वर कॉम्प्रेसरची आणखी, आपल्याच घरात पडते ती वेगळीच.

आता दुसरी बाजू बघा. आपल्या छताचं क्षेत्रफळ साठ चौरस फूट, म्हणजे साडेपाच चौरस मीटर. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास पडतं. म्हणजे साडेपाच किलोवॅट. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर असते ना, तेवढी ताकद तुमच्या डोक्यावरच्या पत्र्यावर सतत पडतेय. सगळी आत येत नाही, कबूल. पण निम्मी जरी आली तरी थर्माकोलच्या खोक्यातला पंखा तिथं काय दिवे लावणार?

मला राग याचा येतो की हे आपल्याला माहीत आहे. फळाच्या बाबतीत चांगलं माहीत आहे. डाळिंबाला उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आपण केओलिन फवारतो. पांढरा थर बसतो, ऊन परत फिरतं. बागेवर क्रॉप कव्हर टाकतो. तोडलेला माल सावलीत आणतो, शक्य तितक्या लवकर गारव्याला नेतो, शीतगृहात 5 अंशाच्या आसपास ठेवतो. माल तोडल्यावर तासभर उन्हात राहिला तर सुपरवायझर बोंबलतो. फळाच्या सालीचा एवढा विचार करणारे आपण, माणसाच्या खोलीला काळा-निळा पत्रा ठोकतो आणि वर म्हणतो एसी कसा करायचा ते सांगा.

केओलिनचं जे तत्त्व तेच छताला. मी काय केलं ते सांगतो. आधी पत्र्याला चुना मारला, त्यात डिंकासारखं चिकटायला थोडा फेविकॉल. तीन हात. पहिल्या पावसात निम्मा धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, ज्याला परवडेल त्याने बाहेरचा पांढरा रंग द्यावा. अहमदाबादला 2010 च्या उन्हाळ्यात फार माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये तिथं उष्णतेसाठी कृती आराखडा केला गेला आणि पुढं गरीब वस्त्यांच्या पत्र्यांना पांढरा लेप देण्याचं काम झालं. म्हणजे ही काय माझी अक्कल नाही. दुपारी ज्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, त्यावर चुना मारल्यावर तळहात टेकवून ठेवता आला.

त्यानंतर पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून चार बांबू आणि त्यावर बागेतली जुनी हिरवी नेट, पश्चिमेच्या बाजूला दोन फूट जास्त खाली उतरवलेली. मधल्या फटीतून वारा फिरला पाहिजे, हे महत्त्वाचं. नेट पत्र्याला चिकटवून टाकली तर ती पत्र्यालाच गरम करते. खोली ओढून न्यायच्या वेळी नेट गुंडाळून बांधायची, नाहीतर वळवाच्या वाऱ्यात शिडासारखी भरते.

एवढ्यावर वरच्या जागेचं 47 चं 41 झालं. बाहेर तेव्हा पण 40 च होतं. विजेचा एक वॅट न लावता सहा अंश. मग एका भिंतीला खाली आणि समोरच्या भिंतीला अगदी छताजवळ, अशा दोन झडपा कापल्या. गरम हवा वर साठते, तिला वरूनच वाट द्यायची. ज्या खोलीला वर झडप नाही तिथं वरची खाट म्हणजे भट्टीचा माळा.

हे सगळं झाल्यावर मग थंड करायचं यंत्र. आणि इथं आपल्या हवेला बर्फ नको, पाणी पाहिजे. एक किलो बर्फ 80 किलोकॅलरी ओढतो म्हटलं ना, एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ 580 ओढतं. सात पट! आणि ठिबकच्या टाकीत ते आहेच. एप्रिलमध्ये दुपारी आपल्याकडं हवेत आर्द्रता वीस टक्क्यांवर आलेली असते. हवामान केंद्रातला ओला-कोरडा थर्मामीटर बघितलेल्यांना सांगायला नको, कोरडा 40 असताना ओला 22 च्या आसपास असतो. बरा कूलर त्या ओल्याच्या तीन-चार अंश वरपर्यंत हवा आणतो. म्हणजे 26. पाचशे रुपयांच्या खोक्याने हे जन्मात होणार नाही.

पण कूलर खोलीच्या बाहेर खिडकीला हवा आणि समोरची झडप उघडी हवी. दार-खिडक्या लावून आत कूलर ठेवला की दोन तासांत अंग चिकट आणि गादी ओली. मग लोक म्हणतात कूलर काय कामाचा नाही. जूनमध्ये मृगाची हवा दमट झाली की कूलर खरंच कामाचा राहत नाही, ते मान्य. पण तोवर आमच्याकडं तोडणी संपलेली असते.

वीज हा त्याहून मोठा विषय आहे आणि याच्यावर तर व्हिडिओवाले तोंड उघडत नाहीत. लोखंडी खोली, खाली रबरी टायर. म्हणजे खोलीला अर्थिंग नाही. आत 230 व्होल्टचा कूलर, त्यात पाणी. वायर कुठं घासली तर अख्ख्या पत्र्यात करंट येतो आणि तसाच थांबून राहतो, जमिनीत जायला त्याला वाट नसते. मग ओल्या पायाने जमिनीवर उभा असलेला माणूस दाराच्या कडीला हात लावतो, तेव्हा ती वाट त्याच्या अंगातून होते. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून गेलेल्या माणसाची बातमी येते, ती वाचून आपण पान उलटतो. 230 व्होल्ट आत घ्यायचंच असेल तर खोली उभी केली की पहिलं काम लोखंडी गज जमिनीत ठोकून चासीला तांब्याच्या वायरीने जोडायचं, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. मी ती भानगडच ठेवली नाही. 12 व्होल्टचा पंखा आणि 12 व्होल्टचा छोटा पंप घालून कूलर केला. दोन्ही मिळून साठ वॅट. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर सहा तास चालून बॅटरी निम्मी पण होत नाही, आणि वर एक सोलर पॅनल आहे, ते दिवसा भरत राहतं. बॅटरीच्या तोंडाजवळ फ्यूज मात्र हवाच. 12 व्होल्टचा शॉक बसत नाही, पण वायर शॉर्ट झाली तर आग लागते.

आता कुणी म्हणेल खरा एसीच लावा ना. लावा की, मी कुठं अडवतोय. पण हिशेब करून लावा. एक टनाचा एसी जोरात चालताना हजार वॅटच्या आसपास ओढतो. वरच्याच बॅटरीवर तो जेमतेम एक तास. परदेशातल्या त्या कॅम्परवाल्याचा छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी दिसतो, पण तो जिथं मुक्काम करतो तिथं 30 अँपिअरची जोडणी खांबावर तयार असते, ती व्हिडिओत दिसत नाही. त्याच्या भिंती दोन पत्र्यांत फोम भरलेल्या असतात, ते पण दिसत नाही. आपल्या वाहिनीला थ्री फेज आठ तास, ती पण पाळीने. मग काय, जनरेटर! आमच्या ओळखीतल्या एकाने जनरेटर खोलीच्या खालीच चासीला टांगला होता, आवाज कमी येतो म्हणून. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच राहतो. तो माणूस ऐकला आणि जनरेटर लांब नेला म्हणून मी इथं त्याची नुसती गोष्ट सांगतोय.

आणि जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढून एसी करणाऱ्यांनो, हात जोडतो. आताच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक करून आयसोब्युटेन गॅस असतो, म्हणजे लायटरमध्ये असतो त्याच जातीचा. पाईप कापून, हाताने ब्रेझिंग करून तो बंद खोलीत फिरवायचा, आणि त्याच खोलीत कुणीतरी बिडी पेटवणार.

खाटेबद्दल लिहिताना हात अडखळतो, पण लिहितो. आमचा वेल्डर वाईट नाही. त्याने वायर चांगली वापरली. पण प्रत्येक टोकाला एकच क्लॅम्प मारला, तो पण उलटा. वायरीच्या टोकाला कमीत कमी तीन क्लॅम्प लागतात. क्लॅम्पचा बैठा भाग ओझं घेणाऱ्या वायरीवर आणि वाकडा बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं झालं तर बोल्ट ओझ्याच्या वायरीलाच चेमटतो. हे मला अपघातानंतर कळालं. ते वेल्डरला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

त्याच्याहून मोठी चूक माझी. वायर आणि विंच हे खाट वर-खाली करायला असतात, माणूस तोलायला नसतात. आमची खाट मोजली तर प्लाय, चौकोनी पाईपची फ्रेम आणि गादी मिळून चाळीस किलो. त्यावर साठ किलोचा माणूस धपकन चढला की क्षणभर त्याच्या दुप्पट ओझं पडतं. आता मी खाट ज्या उंचीवर माणूस झोपणार तिथं चार कोपऱ्यांना लोखंडी बैठका वेल्ड केल्या, त्या पण छताच्या अँगलला नाही, थेट चासीपासून वर आलेल्या खांबांना. छताचे अँगल पत्रा धरायला असतात. खाट बैठकीवर टेकली की वायर ढिली दिसली पाहिजे. ढिली दिसत नसेल तर झोपायचं नाही. वर उचललेली असताना चारही कोपऱ्यांत बोटाएवढ्या जाडीच्या खिळी, आणि वर असताना तिच्यावर कुणी झोपायचं नाही, खाली पण नाही. चारही वायरी एकाच दांड्यावर गुंडाळल्या, म्हणजे कोपरे एकदम वर जातात. वेगवेगळ्या ओढल्या की खाट कलते.

आणि झोपायची उंची आता अडीच फूट. क्रेटना बाहेर नेटखाली जागा केली. हे करायला मला काय खर्च आला? काहीच नाही. क्रेट आत आणि माणूस वर, हे एक वर्ष मला खुपलं नाही, एवढंच.

अजून एक, खोली ओढून नेताना खाट खाली घ्या. वरती चाळीस किलो डुलत असताना कालव्याच्या भरावावरून ट्रॉली न्यायची म्हणजे उलटायला निमंत्रण.

गेल्या आठवड्यात एका बागायतदाराने मला तोंडावर विचारलं, "गड्यासाठी एवढं? लिंबाखाली झोपायला काय होतंय त्याला?" मी म्हटलं, कुठला लिंब? तुमच्या बांधावरचे तिन्ही लिंब तुम्ही ट्रॅक्टर वळायला जागा पाहिजे म्हणून तोडले. आमच्या बांधावरचे दोन मीच तोडले. आता एक राहिलाय, त्याच्या सावलीत थर्मामीटर टांगतो आम्ही. गड्याला लिंबाखाली झोप म्हणायचा अधिकार, ज्याच्या बांधावर लिंब आहे त्याला. आणि तो बागायतदार स्वतः दुपारी कुठं झोपतो, ते गावाला माहीत आहे. दीड टनाचा आहे, वर स्टॅबिलायझर.

आज चुना, नेट, झडपा आणि कूलर असं सगळं चालू असताना दुपारी दोनला बाहेर 41 आणि गादीवर 31 असतं. पोरगं यंदा पुन्हा राखणीला आलंय. मी बोलावलं नव्हतं, मामाच्या पाठीमागून आलं. पहिल्या दिवशी त्याने चारही बैठका हाताने हलवून बघितल्या, मग टेकलं.

तर साहेब, तुमचा व्हिडिओ मी पुसला नाही, ठेवलाय. तुम्हाला आणि पाठवणाऱ्या सगळ्यांना आमंत्रण आहे. या रविवारी दुपारी दोन वाजता या. त्या दिवसापुरता नेट काढून ठेवतो, झडपा लावून घेतो, खाट वर उचलून खिळी मारून खालून टेकू देतो. तुमचा खोका घेऊन वर अर्धा तास झोपून दाखवा. थर्मामीटर माझा, बर्फ तुमचा. जेवण आमच्याकडं. येताना आधी फोन करा, बागेत कुत्रं मोकळं असतं.